शब्दांची जात आणि शब्दांची संगत

‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा.’ हा प्रश्न मराठीच्या प्रश्नपत्रिकेत असतो आणि थोड्या वेगळ्या शब्दांत इंग्रजीच्याही. एका गुणाचा, निरुपद्रवी, तपासायला सोपा. आम्ही मराठीचे अध्यापक हा प्रश्न विद्यार्थी म्हणून सोडवत आलो आणि पुढे शिक्षक म्हणून काढत आलो. इतकी वर्षे त्याच्याशी आमचे काही भांडण नव्हते. आता आहे. आणि गंमत अशी, की हे भांडण मराठीच्या तासाला नव्हे, इंग्रजीच्या निमित्ताने उभे राहिले.

आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. मराठी माध्यमातून आलेली, वाचन दांडगे, वर्गात प्रश्न विचारणारी. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत तिने ‘वुई डिस्कस्ड अबाउट द पोएम’ असे वाक्य म्हटले. तो किस्सा मग शिक्षककक्षात चहाबरोबर सांगितला गेला आणि सगळे हसले. आम्हीही हसलो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दोन-चार दिवसांनी आमच्यापैकी एकीने तिला त्या वाक्याबद्दल सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, चर्चा कशाबद्दल तरीच होते ना? ‘बद्दल’ म्हणजे ‘अबाउट’. शाळेत तसंच पाठ केलंय.”

या उत्तरात हसण्यासारखे काहीही नव्हते. तिची चूक अज्ञानातून आलेली नव्हती. शिकवलेले निष्ठेने शिकल्यातून आलेली होती. शाळेने तिला एक यादी दिली होती : ‘इन’ म्हणजे ‘मध्ये’, ‘ऑन’ म्हणजे ‘वर’, ‘विथ’ म्हणजे ‘शी’ किंवा ‘सह’, ‘अबाउट’ म्हणजे ‘बद्दल’. यादीच्या डोक्यावर लिहिले होते, ‘प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय’. पुढच्या पानावर विशेषणांची यादी, त्याच्या पुढच्या पानावर क्रियाविशेषणांची. या याद्यांतले शब्द एकमेकांना कधी भेटतात, भेटल्यावर त्यांचे काय होते, कोणाचे कोणाशी पटते आणि कोणाचे पटत नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते. त्या परीक्षेनंतर ती मुलगी इंग्रजीच्या तासाला बोलेनाशी झाली. एका ‘अबाउट’ची ही किंमत आम्हाला फार वाटते.

‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ का येत नाही? ‘तशी पद्धत नाही’ हे उत्तर आमच्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांकडून मिळते. उत्तर चुकीचे नाही, आळशी आहे. ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद आहे, ते आपले कर्म स्वतःच उचलते. पण त्याचे नाम झाले, ‘डिस्कशन’ झाले, की त्याची ती ताकद जाते. मग मध्ये ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’ हा हमाल लागतो. ‘एंटर’ करताना खोली थेट येते, ‘एंट्री’ला ‘इनटू’ किंवा ‘टु’ लागतो. ‘रेझिस्ट’ला काही लागत नाही, ‘रेझिस्टन्स’ला ‘टु’ लागतो. इंग्रजीत नामाला थेट कर्म घेता येत नाही, इतका साधा हा नियम आहे, आणि आपल्याला तो परका नाही. ‘पुस्तक वाचले’ पण ‘पुस्तकाचे वाचन’. ‘घर बांधले’ पण ‘घराची बांधणी’. क्रियापदाचे नाम होताच आपल्याकडेही मध्ये ‘चा-ची-चे’ येऊन उभा राहतो. त्या मुलीला हे पाच मिनिटांत समजले असते, कारण तिच्या भाषेत ते होतेच. तिला कोणी सांगितले नाही, कारण सांगणाऱ्याच्या नजरेसमोर यादी होती, जोड नव्हती.

विशेषणांचेही तेच. इंग्रजी विशेषणाला, ‘वर्थ’ आणि ‘लाइक’सारखे मोजके अपवाद सोडले तर, थेट कर्म घेता येत नाही. म्हणून ‘अफ्रेड ऑफ’, ‘फाँड ऑफ’, ‘फुल ऑफ’, ‘मॅरीड टु’, ‘इंटरेस्टेड इन’, ‘फेमस फॉर’. आता इथे कोणते अव्यय यायचे हे काही अंशी अर्थाने ठरते आणि काही अंशी वहिवाटीने. आमचे विद्यार्थी ‘मॅरीड विथ’ म्हणतात, कारण मराठीत लग्न कोणाशी तरी होते. इंग्रजीत ते कोणाला तरी होते, एवढाच फरक. त्यात तर्कदृष्ट्या श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. आपण कामाला कंटाळतो, मित्रावर रागावतो, भावाशी भांडतो, सापाला भितो आणि गाण्यात रमतो. ‘रागावणे’ला ‘वर’ आणि ‘भांडणे’ला ‘शी’ का, असे एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने विचारले तर आपणही डोके खाजवूच.

पण वहिवाट म्हणजे गोंधळ नव्हे. ‘गुड’ हा अगदी बाळबोध शब्द घ्या. ‘गुड ॲट’ म्हणजे एखाद्या कामात निपुण. ‘गुड विथ चिल्ड्रन’ म्हणजे मुलांना सांभाळण्याची हातोटी असलेला. ‘गुड टु चिल्ड्रन’ म्हणजे मुलांशी मायेने वागणारा. ‘गुड फॉर चिल्ड्रन’ म्हणजे मुलांना हितकर, आणि हे माणसापेक्षा दुधाबद्दल म्हटले जाण्याची शक्यता अधिक. ‘गुड’ तोच, मुले तीच. अर्थ बदलला तो मधल्या सांध्यात. आता या चार वाक्यांतल्या ‘गुड’ची जात ओळखा म्हटले, तर चारही ठिकाणी ‘विशेषण’ हे उत्तर बरोबर येईल, चार गुण पडतील आणि विद्यार्थ्याला वाक्यातले काहीही कळलेले नसेल. आमची तक्रार नेमकी ही आहे.

क्रियाविशेषण आणि विशेषण यांच्या जोडीचा प्रकार याहून मजेचा. ‘फास्ट अस्लीप’ याचे भाषांतर एका उत्तरपत्रिकेत आम्ही ‘वेगाने झोपलेला’ असे वाचले आहे. ‘फास्ट’चा जुना अर्थ घट्ट, पक्का असा आहे, ‘फासन’ या क्रियापदात तो आजही टिकून आहे. म्हणजे झोप घट्ट लागलेली. आपण तिला गाढ म्हणतो. इंग्रज ‘वाइड अवेक’ असतो, आपण टक्क जागे असतो. त्याला ‘वाइड अस्लीप’ म्हणता येत नाही आणि आपल्याला ‘गाढ जागा’ म्हणता येत नाही. ही जोड्यांची शिस्त किती कडक असते हे पाहायला रंगांकडे जावे : हिरवागार, पिवळाधमक, लालभडक, पांढराशुभ्र. ‘हिरवाधमक’ असे तीन वर्षांचे मूलही म्हणत नाही. पुन्हा पांढराशुभ्र सदरा आणि पांढराफटक चेहरा, काळेभोर केस आणि काळाकुट्ट अंधार, यांत अदलाबदल चालत नाही. हे आपल्याला कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवले? भाषाविज्ञानात शब्दांच्या अशा संगतीला महत्त्व मिळवून दिले ते जे. आर. फर्थ यांनी, १९५० च्या दशकात. पण त्याच्याही आधी, हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी हे दोघे जपानमध्ये इंग्रजी शिकवताना या जोड्या गोळा करत होते. हॉर्नबी आणि सहकाऱ्यांचा कोश प्रथम १९४२ साली टोकियोत छापला गेला. पुढे १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला आणि आज जगभर विकला जातो. इंग्रजी कशी जोडली जाते हे दाखवणारा हा कोश लंडनमध्ये नव्हे, परक्यांना शिकवण्याच्या गरजेतून टोकियोत तयार झाला, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. ज्याची भाषा असते त्याला जोड दिसत नाही. ती दिसते परक्याला. म्हणजे आपल्याला. आणि आपण मात्र परकेपणाचा हा एकमेव फायदा याद्यांपायी घालवून बसलो.

आता खऱ्या रणांगणाकडे येऊ. ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘ऑफ’. ही मंडळी कोण? शाळेतले उत्तर : नामापूर्वी आली तर प्रिपोझिशन, एकटी आली तर ॲडव्हर्ब. आता दोन वाक्ये पाहा. ‘ही टर्न्ड ऑफ द लाइट’ आणि ‘ही टर्न्ड ऑफ द रोड’. दोन्हींत ‘ऑफ’नंतर नाम आहे. पण पहिल्यात दिवा मालवला आहे, दुसऱ्यात माणूस रस्ता सोडून वळला आहे. पहिले वाक्य ‘टर्न्ड द लाइट ऑफ’ असे फिरवता येते. दुसऱ्याचे ‘टर्न्ड द रोड ऑफ’ होत नाही. सर्वनाम घातले की फरक आणखी उघडा पडतो : दिव्याच्या बाबतीत ‘टर्न्ड इट ऑफ’ असेच म्हणावे लागते, रस्त्याच्या बाबतीत ‘टर्न्ड ऑफ इट’ असेच. पहिला ‘ऑफ’ क्रियापदाच्या घरचा, दुसरा नामाच्या. बोलताना आघातही सहसा पहिल्यावर पडतो, दुसऱ्यावर नाही. पण आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकतो, कानांनी नव्हे. छापील ओळीत दोन्ही ‘ऑफ’ सारखेच काळे.

आणि इथेच आम्हाला, संस्कृतच्या उंबऱ्यावरून मराठीत आलेल्या माणसांना, लाज वाटली पाहिजे. कारण हा भेद आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वी केला गेला आहे. ‘प्र’, ‘अनु’, ‘प्रति’ इत्यादी शब्द क्रियेशी जोडलेले असले तर पाणिनी त्यांना उपसर्ग म्हणतो. यांपैकीच काही क्रियेशी न जोडता नामाची विभक्ती ठरवू लागले, की त्यांना तो कर्मप्रवचनीय ही वेगळी संज्ञा देतो. शब्द तोच, काम बदलले म्हणून नाव बदलले. ‘अष्टाध्यायी’च्या पहिल्या अध्यायाचा चौथा पाद उघडून पाहावा. तिथेच तीन सूत्रे अशी आहेत, की उपसर्ग धातूच्या आधी यावा; वेदात तो नंतरही येतो; आणि मध्ये दुसरे शब्द घालून दूरही राहतो. ‘टर्न द लाइट ऑफ’ यात दुसरे काय आहे? इंग्रजीचा ‘ऑफ’ वैदिक उपसर्गासारखा आपल्या क्रियापदापासून थोडा दूर उभा आहे, इतकेच.

याच्याही आधी यास्काने ‘निरुक्ता’त एक वाद नोंदवून ठेवला आहे. शाकटायनाचे म्हणणे, उपसर्गाला सुटेपणी अर्थ नसतो, तो फक्त नामाच्या किंवा क्रियापदाच्या अर्थाला उजाळा देतो. गार्ग्याचे म्हणणे, उपसर्गाला स्वतःचे नाना अर्थ असतात. ‘गिव्ह अप’ मधल्या ‘अप’ला काही अर्थ आहे की नाही, यावर आज चालणाऱ्या चर्चेचा हा पूर्वजच. आपण प्रत्येकाने शाळेत ‘हृ’ धातूचे प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार पाठ केले आहेत. जो विद्यार्थी हे समजू शकतो त्याला ‘टेक इन’, ‘टेक ऑफ’, ‘टेक ओव्हर’, ‘टेक आफ्टर’ हे प्रकरण दुर्बोध का व्हावे? कारण ‘हृ’ संस्कृतच्या तासाला असतो, ‘टेक’ इंग्रजीच्या, आणि दोन तासांच्या मध्ये घंटा वाजते.

संस्कृतचेच कशाला, चालत्या मराठीतही किल्ली आहे. ‘ईट अप’, ‘टेअर अप’, ‘फिनिश ऑफ’, ‘राइट आउट’, ‘राइट डाउन’, ‘बर्न डाउन’. यांतल्या ‘अप’चे ‘वर’ आणि ‘डाउन’चे ‘खाली’ असे भाषांतर करत बसले, की पोर वेडे होते. खाऊन वर कुठे जायचे? पण हीच कामे मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. खाऊन टाक, फाडून टाक, संपवून टाक, लिहून काढ, लिहून घे, जळून गेले. ‘टाकणे’मधून फेकण्याचा अर्थ जसा गळून फक्त क्रिया तडीस गेल्याचा भाव उरला, तसाच ‘अप’मधून उंचीचा. ‘भलतेच बोलून बसला’ असे आपण उभ्या माणसाबद्दलही म्हणतो आणि तो खुर्चीत बसला होता का असे कोणी विचारत नाही. ‘अप’ शिकवायचा तर ‘टाकणे’वरून शिकवावा, ‘वर’वरून नव्हे. हे समीकरण सगळीकडे लागू पडणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ‘अप म्हणजे वर’ हे समीकरण त्याहूनही कमी ठिकाणी लागू पडते आणि तरी ते भिंतीवरच्या तक्त्यावर छापलेले असते.

असाच एक अडणारा सांधा म्हणजे ‘फ्रॉम अंडर द ब्रिज’. प्रिपोझिशननंतर नाम येते असे शिकवलेले. इथे दोन प्रिपोझिशने एकामागोमाग कशी? विद्यार्थी एक खोडतो. पण तो रोज म्हणतो, ‘पुलाखालून’. ‘खाल’ आणि ‘ऊन’, दोन्ही आहेतच. ‘दाराआडून’, ‘ढगामागून’, ‘टेबलावरून’. आपले दोन प्रत्यय शब्दाच्या पोटात गेले म्हणून दिसत नाहीत आणि इंग्रजीचे सुटे उभे आहेत म्हणून खुपतात. त्याच्याही अलीकडे पुन्हा क्रियाविशेषण येऊन बसू शकते : ‘राइट अंडर’, ‘जस्ट ऑफ’, ‘वेल बियाँड’, ‘लाँग आफ्टर’. क्रियाविशेषण फक्त क्रियापद, विशेषण किंवा दुसरे क्रियाविशेषण यांच्याबद्दल माहिती सांगते, ही पाठ केलेली व्याख्या इथेच कोलमडते. आपल्याकडे ‘अगदी पुलाखाली’, ‘थेट दारापर्यंत’ म्हणताना ती तशीच कोलमडते. आवाज होत नाही इतकेच.

इंग्रजीच्या व्याकरणकारांना हे दिसले नाही असे नाही. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने १९२४ सालच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये रोखठोक विचारले, की क्रियापद कर्म घेवो न घेवो आपण त्याला क्रियापदच म्हणतो, मग ‘इन’ किंवा ‘ऑन’ यांनी पुढे नाम घेतले तर एक जात आणि न घेतले तर दुसरी, हे कशासाठी? ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन या भिंती त्याने पाडायला सुचवल्या. २००२ साली रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या केंब्रिज व्याकरणाने, १,८०० हून अधिक पानांच्या त्या ग्रंथाने, ‘आउट’, ‘अवे’, ‘डाउनस्टेअर्स’ यांना सरळ प्रिपोझिशनांत घातले. नाम न घेणारी प्रिपोझिशने. ही मांडणी सर्वांना मान्य आहे असे नाही. १९८५ चे क्वर्क आदींचे मोठे व्याकरण जुन्या विभागणीला बरेच धरून आहे. पण भिंत कुठे घालावी यावर तिथे शंभर वर्षे वाद चालू आहे, आणि इथे आपण त्याच भिंतीवर एका गुणाचा खिळा ठोकून बसलो आहोत.

आमच्या शाळांत ही भिंत आली कुठून? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा ठसा आहे. त्या वेळी इंग्रजी शाळांत लिंडली मरेच्या १७९५ च्या व्याकरणाचा दबदबा होता, आणि त्याने आर्टिकल धरून नऊ वर्ग मानले होते. ते वर्ग लॅटिनमधून आलेले, लॅटिनने ग्रीकमधून घेतलेले. ग्रीकमध्ये आठ होते. लॅटिनला आर्टिकल नाही म्हणून ते गेले, उद्गारवाचक आले, आठ कायम. विशेषण तर कित्येक शतके नामाच्याच पोटात होते. अशा फिरत फिरत आलेल्या आठांना आपण अखेर ‘जाती’ हे नाव दिले. दादोबांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. कोऱ्या पाटीवर पहिली ओळ ओढणाऱ्याचे ऋण मोठे असते. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी, १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मोरो केशव दामल्यांनी, नंतर अरविंद मंगरूळकरांनी या चौकटीशी तपशिलाने वाद घातला. तो वाद एम. ए. च्या अभ्यासक्रमात राहिला आणि शाळेत यादी राहिली. व्याख्या सांगताना आपण शब्दाचे काम सांगतो आणि तक्ता करताना त्याला जन्माची जात चिकटवतो. हा दुटप्पीपणा व्याकरणापुरताच आहे का, हे वाचकांनी ठरवावे.

खरे तर शब्दांचे कूळ शोधू गेले की सगळीच जातव्यवस्था हास्यास्पद होते. इंग्रजी ‘डाउन’ मुळात टेकडी. ‘टेकडीवरून’ अशा अर्थाच्या शब्दसमूहाचे झिजून ‘डाउन’ झाले. ‘अमंग’च्या मुळाशी ‘गर्दीत’ असा अर्थ आहे. ‘बिकॉज’ म्हणजे ‘बाय कॉज’. ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ या विशेषणांच्या तोंडाशी असलेला ‘अ’ हे गिळलेले ‘ऑन’ आहे. म्हणूनच ‘अस्लीप बॉय’ असे म्हणत नाहीत, मुलगा ‘इज अस्लीप’ असतो. ‘निअर’ तर मूळचे ‘नाय’चे तरवाचक रूप, म्हणजे त्याचा अर्थच ‘अधिक जवळ’. ते विसरून आज त्याचे पुन्हा ‘निअरर’ होते, आणि पुढे नाम घेतानाही होते. आपल्याकडे ‘प्रेमापोटी’ मधले पोट, ‘तुझ्यापायी’ मधले पाय, ‘घराकडे’ मधली कड हे सगळे कालचे नामच. ही गोष्ट वर्गात सांगितली तर मुले डोळे विस्फारून ऐकतात, हा आमचा अनुभव आहे.

आक्षेप येतील. पहिला आमच्या इंग्रजीच्या मित्रांचा : हे सगळे आम्हाला माहीत आहे. माहीत आहे हे खरे, पण ते पदव्युत्तर वर्गात माहीत आहे. आणि शिक्षककक्षात हसताना कोणालाच आठवले नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्गवारीशिवाय कोश कसा होणार, परकी भाषा शिकणाऱ्याला काहीतरी खुंटी नको का? हवी. आम्ही वर्ग मोडीत काढा म्हणत नाही. नाम कोणते आणि क्रियापद कोणते हे न कळता इंग्रजी वाक्याचा सांगाडाच सापडत नाही. ‘डिस्कस’ आणि ‘डिस्कशन’ यांचा वरचा खुलासा आम्हीही नाम-क्रियापद या भेदावरच केला आहे. पण खुंटी अडकवण्यासाठी असते. आपण सगळा संसार खुंटीवरच मांडला आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आले. त्याने इंग्रजीची वर्षे वाढली. यादीऐवजी जोड शिकवणे वाढले असे मात्र आम्हाला प्रवेशाच्या वेळी येणाऱ्या मुलांकडे पाहून वाटत नाही.

तिसरी एक जात आहे, तिला आक्षेपक म्हणण्यापेक्षा पहारेकरी म्हणावे. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आले की यांचा तोल जातो. हा सोवळेपणा जॉन ड्रायडनपासूनचा. १६७२ साली त्याने बेन जॉन्सनची अशी वाक्ये दोषास्पद ठरवली आणि १६८४ साली स्वतःच्याच जुन्या निबंधातली शेवटची प्रिपोझिशने वेचून काढली. लॅटिनमध्ये तसे होत नाही, हे त्यामागचे कारण असावे. इंग्रजी लॅटिन नाही, हे सांगायला १९२६ साली फाउलर यावा लागला. त्याने या नियमाला अंधश्रद्धेत जमा केले. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ असे इंग्रजीचा प्रत्येक माणूस म्हणतो. आपल्याकडे मात्र कुठल्या तरी जुन्या मार्गदर्शकातून ही अंधश्रद्धा अजून नियम म्हणून दिली जाते. इंग्रजांनी टाकलेला अंगरखा आपण इस्त्री करून घालतो.

शिवाय ही वाहतूक एकेरी नाही. इंग्रजी सांधे न कळता शब्दशः उचलण्याची सवय लागलेला हात मराठी लिहितानाही तेच करतो. ‘च्या माध्यमातून’, ‘च्या संदर्भात’, ‘च्या दिशेने पावले उचलणे’, ‘चा एक भाग म्हणून’ हे सगळे त्याच कारखान्यातले नग. ‘पत्राने कळवले’ याचे ‘पत्राच्या माध्यमातून कळवले’ झाले आणि आम्ही मराठीच्या अध्यापकांनी ते उत्तरपत्रिकेत कधी खोडले नाही, कारण शब्दांच्या जाती बरोबर होत्या.

या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेत आम्ही तो एका गुणाचा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी विचारले, ‘वर’ हा शब्द वापरून शक्य तितक्या वेगळ्या कामांची वाक्ये लिहा, आणि प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगून पाहा. ‘तो वर गेला’, ‘टेबलावर पुस्तक आहे’, ‘वरचा मजला’ ही बहुतेकांनी लिहिली. ‘त्याच्यावर विश्वास आहे’ याला ‘ऑन’ घालणारे निघाले, तसेच ‘इन’ घालणारेही निघाले. एका उत्तरपत्रिकेत पाचवे वाक्य होते : ‘चूक त्याची, आणि वर मलाच बोलला.’ समोर इंग्रजीत ‘ऑन टॉप ऑफ दॅट’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले होते. या ‘वर’ची जात कोणती, यावर आम्ही चौघे पाऊण तास भांडलो. त्या मुलाला पूर्ण गुण दिले.